सिद्धांत कोणाचा, तपशील कोणाचा?
डॉ. गोपाळ गुरू यांच्या संशोधनकार्याचा परामर्श

विद्यापीठातील नेमणूक असो, बढती असो की संशोधनासाठी मागितलेले अनुदान असो, अर्जात आता एक रकाना हमखास असतो : आपल्या लेखनाचा संदर्भ आजवर किती जणांनी दिला? इंग्रजीत ज्याला 'सायटेशन' म्हणतात त्या संदर्भोल्लेखांची ही मोजदाद. ज्याचा आकडा मोठा तो विद्वान मोठा, असा हिशेब रूढ होत चालला आहे. आमच्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आज पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत, प्रबंध लिहीत आहेत, आणि या रकान्यासमोर येऊन थबकत आहेत. म्हणून या मोजणीचा अर्थ काय, तिच्यात काय बसते आणि काय निसटते, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा विचार हवेत करण्यापेक्षा एका राज्यशास्त्रज्ञाच्या प्रत्यक्ष कार्याच्या आधारे करावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात डॉ. गोपाळ गुरू यांच्या संशोधनाचा परामर्श घेत आहोत.

गुरू यांची निवड करण्यामागे कारण आहे. महाराष्ट्रातील आंबेडकरी चळवळीच्या वातावरणात घडलेला, पुणे विद्यापीठात व पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन केलेला, आणि २०१८ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकाचा संपादक झालेला हा अभ्यासक आहे. भारतातील जातिप्रश्नावर इंग्रजीत लिहिणारा क्वचितच कोणी त्यांचे नाव टाळून पुढे जाऊ शकतो. म्हणजे संदर्भोल्लेखांच्या मोजणीत ते निश्चितच वरच्या पंक्तीत बसतात. परंतु त्यांच्या लेखनाचा गाभा पाहिला तर ज्ञानाच्या क्षेत्रात मान कोणाला मिळतो आणि राबावे कोणाला लागते, हाच त्यांचा मूळ प्रश्न आहे. ज्या तराजूत त्यांना तोलले जाते त्या तराजूवरच त्यांनी आक्षेप घेतलेला आहे.

१. मोजणी कशी चालते

संदर्भोल्लेखांच्या मोजणीचा उगम ग्रंथपालनाच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात अशी कल्पना मांडली की, एखाद्या निबंधाचा आधार पुढे कोणकोणत्या निबंधांनी घेतला याची सूची केली, तर विचाराचा प्रवास शोधता येईल. १९६४ मध्ये विज्ञानांसाठी अशी सूची प्रसिद्ध होऊ लागली. समाजशास्त्रांची सूची १९७३ पासून आली. मूळ हेतू विचाराचा माग काढण्याचा होता. पुढे त्याच सूचीतून माणसे मोजली जाऊ लागली. २००५ साली जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने 'एच-निर्देशांक' सुचविला. तो असा : एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ मिळाले असतील तर त्याचा निर्देशांक वीस. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो प्रशासनाच्या हाती लवकर रुळला. पण त्यातील गोम पाहा. ज्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि त्या तिन्हींनी एका विद्याशाखेची दिशा बदलली, त्या प्रत्येकाला हजार संदर्भ मिळाले, तरी त्याचा निर्देशांक तीनच राहतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या संशोधनाला गुण देण्याची पद्धत आणली. पुढे मान्य नियतकालिकांच्या याद्या झाल्या. २०१८ साली जाहीर केलेली अशी एक व्यवस्था आयोगाने २०२५ मध्ये स्वतःच मागे घेतली. या याद्या-गुणांच्या धावपळीत किती नियतकालिके केवळ गुण पुरविण्यासाठी निघाली, हे अध्यापकवर्गाला सांगावयास नको. आमच्या दृष्टीने अधिक गंभीर गोष्ट भाषेची आहे. जागतिक सूचींमध्ये मुख्यतः इंग्रजी नियतकालिके येतात. मराठीत, 'अस्मितादर्श'सारख्या नियतकालिकांच्या पानांतून, जे वादविवाद झाले त्यांनी एका समाजाचे मन घडविले. परंतु या सूचींच्या दृष्टीने ते जवळजवळ घडलेच नाहीत.

उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथाचे उदाहरण घ्यावे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती गावोगाव फिरून मिळवून सिद्ध केलेला हा ग्रंथ १९८९ साली मराठीत प्रसिद्ध झाला. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघण्यास २००८ साल उजाडले. मधल्या एकोणीस वर्षांत या ग्रंथाने मराठी वाचकांना जे दिले ते कोणत्याही निर्देशांकात नोंदले गेले नाही. मराठी न जाणणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने तर ग्रंथाचे आयुष्यच २००८ मध्ये सुरू होते. आकडा खोटा नसतो, पण तो फार उशिरा जागा होतो.

२. तीन पानांचा एक लेख

आता गुरू यांच्या लेखनाकडे वळू. त्यांच्या ज्या निबंधाचा संदर्भ सर्वांत दूरवर गेला असे म्हणता येईल त्यांतील एक निबंध अवघा तीन पानांचा आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त तो प्रसिद्ध झाला. दलित स्त्रिया वेगळ्या रीतीने बोलतात, असे त्याचे शीर्षकच सांगते. त्याच वर्षी दलित स्त्रियांचे स्वतंत्र राष्ट्रीय संघटन उभे राहिले होते आणि बीजिंग येथे जागतिक महिला परिषद भरली होती. दलित स्त्रियांनी वेगळी चूल का मांडली, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता.

गुरू यांचे उत्तर दोन पदरी आहे. सवर्ण नेतृत्वाखालील स्त्री-चळवळ 'स्त्री' म्हणून सर्वांच्या वतीने बोलते आणि त्या बोलण्यात जातीचा अनुभव विरून जातो. हे बाहेरचे कारण. दलित चळवळीतील पुरुष 'दलित' म्हणून सर्वांच्या वतीने बोलतात आणि त्यात स्त्रीचा अनुभव विरून जातो. हे आतले कारण. दोन्ही बाजूंनी जिचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळला गेला, तिने वेगळे बोलणे ही फूट नव्हे. न्यायाच्या मागणीतील ती अपरिहार्य पायरी आहे. स्वतःच्या चळवळीतील पुरुषसत्तेवर बोट ठेवण्याचे हे धैर्य त्या काळी सोपे नव्हते. आमच्या विहारांतून आजही उपासिकांची संख्या मोठी आणि विश्वस्त मंडळावर मात्र पुरुषांचीच नावे, असे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना या लेखाची धार बोथट झालेली वाटणार नाही.

या तीन पानांचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी त्याच साप्ताहिकात दीर्घ निबंध लिहिला. त्यांनी गुरूंचेच शीर्षक आपल्या शीर्षकात घेतले आणि त्यापुढे आपली टीका जोडली. केवळ 'वेगळेपण' मान्य करून थांबलो तर दलित स्त्रियांचा प्रश्न त्यांच्यापुरता राहील आणि इतर स्त्रीवादी आपल्या जागी निवांत राहतील, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून दलित स्त्रीवादाला सर्वांनी स्वीकारता येईल अशी वैचारिक भूमिका म्हणून मांडावे, आणि दलितेतर स्त्रीवाद्यांनी त्या भूमिकेवरून स्वतःला पुन्हा घडवावे, असे त्या म्हणाल्या. छाया दातार यांनी १९९९ मध्ये या मांडणीला हरकत घेतली. रेगे यांनी २००० मध्ये उत्तर दिले. पुढे २००६ मध्ये रेगे यांचा दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील ग्रंथ आला.

सूचीकाराच्या वहीत या सर्व घटनांची नोंद 'एक संदर्भ', 'आणखी एक संदर्भ' अशी होते. जो लेखक कोणाच्या म्हणण्याशी पाच वर्षे झगडतो त्याचा संदर्भ, आणि जो लेखक इतर दहा नावांच्या ओळीत एक नाव शोभेसाठी टाकतो त्याचा संदर्भ, वहीत सारखाच भरतो. आम्हांस रेगे यांचा संदर्भ लाख मोलाचा वाटतो, कारण त्यांनी गुरूंना मान दिला तो त्यांचे म्हणणे तपासून. विचारवंताला मिळणारा याहून मोठा मान नाही.

३. समाजशास्त्रे समतावादी आहेत काय?

१४ डिसेंबर २००२ च्या अंकातील गुरू यांचा निबंध याहून अधिक गाजला. भारतातील समाजशास्त्रे कितपत समतावादी आहेत, हा त्याचा प्रश्न. जी शास्त्रे विषमतेचा अभ्यास करतात त्यांच्या स्वतःच्या घरात विषमता आहे, असे त्यांनी दाखविले. एका बाजूस सिद्धांत मांडणारे थोडे लोक, दुसऱ्या बाजूस तपशील गोळा करणारे पुष्कळ. पहिल्यांना त्यांनी सैद्धांतिक ब्राह्मण म्हटले, दुसऱ्यांना आनुभविक शूद्र. ही जोडी पुढे घोषवाक्यासारखी सर्वत्र गेली.

परंतु घोषवाक्यापाशी थांबणाऱ्यांनी निबंधातील युक्तिवादाचा अर्धा भाग सोडून दिला आहे. पहिला अर्धा भाग सर्वांना रुचतो : शिक्षणाची पिढीजात संधी, महानगरांतील संस्था, ग्रंथालये, परदेशी विद्यापीठांशी संबंध, निवांतपणा, ही सारी भांडवले वरच्या जातींच्या हाती साचत गेली, आणि सिद्धांत हे त्यांचेच वतन झाले. दलित विद्यार्थ्याला अनेकदा सांगितले जाते की, तू तुझ्या समाजाची पाहणी कर, कोष्टके भर. त्या कोष्टकांचा अर्थ मात्र दुसराच कोणी लावतो.

दुसरा अर्धा भाग कडू आहे आणि तो आम्हांस उद्देशून आहे. दलितांनी सिद्धांताकडे वळणे ही सामाजिक गरज आहे, आणि या गरजेपासून दलित स्वतःही दूर राहिले आहेत, असे गुरू म्हणतात. कविता आणि आत्मकथन यांतून व्यक्त होणारी वेदना खरी आहे. पण ती सिद्धांताची जागा घेऊ शकत नाही. विशिष्ट अनुभवातून सार्वत्रिक विधानाकडे जाण्याचे कष्ट कोणीतरी घेतलेच पाहिजेत. ते आपण घेतले नाहीत, तर आपल्या अनुभवाचे सिद्धांत दुसरे मांडतील आणि आपण कायम पुराव्याच्या पिंजऱ्यात उभे राहू.

सुंदर सरुक्काई या तत्त्वज्ञाने २००७ मध्ये या निबंधाला उत्तर दिले. अनुभव ज्याचा त्यानेच त्याचा सिद्धांत मांडावा काय, अनुभवाचा मालक आणि अनुभवाचा कर्ता एकच असतो काय, असे मूलभूत प्रश्न त्यांनी उपस्थित केले. त्यातून दोघांचा संवाद वाढला. २००९ मध्ये दोघांनीही अस्पृश्यतेवर निबंध लिहिले आणि २०१२ मध्ये 'द क्रॅक्ड मिरर' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात एकमत झाल्याचा आव नाही. दोन व्यक्ती एकाच प्रश्नाभोवती आळीपाळीने बोलतात आणि वाचकाला मध्ये बसवितात. २०१९ मध्ये दोघांचा दुसरा ग्रंथ आला. त्याआधी २००९ मध्ये गुरू यांनी अवमान या संकल्पनेवर एक ग्रंथ संपादित केला होता. गरिबी मोजता येते, अत्याचारांची संख्या सांगता येते. पण अवमान ही राज्यशास्त्राची संकल्पना होऊ शकते हे त्या ग्रंथाने ठसविले. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह पाण्यासाठी नव्हता, माणूसपणासाठी होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या म्हणण्याला शास्त्राची भाषा मिळवून देण्याचे काम येथे झाले आहे.

४. पिंगुळीच्या अंगणातून

कोणताही सिद्धांत आपल्या गावात आणून पाहिला म्हणजे त्याचे बळ कळते. आम्ही हे लिहितो ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीहून. कुडाळला लागून असलेले हे गाव कलेच्या अभ्यासकांत ठाऊक आहे ते येथील ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे. एका कथेची चित्रे पाठीला पाठ चिकटवून पाने करावयाची, त्या पानांची पोथी बांधावयाची, आणि एकेक पान पुढे धरून वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गावयाची, अशी ही परंपरा. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ हेही याच समाजाने राखले. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. तो सरला तेव्हा कला उपासमारीला लागली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभारून ती जपली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कथांचा विषय आमच्या धम्मविचाराशी जुळणारा नाही, हे उघड आहे. ठाकर हा अनुसूचित जमातींत गणला जाणारा समाज आहे. त्याची स्थिती आणि पूर्वास्पृश्यांची स्थिती एक नव्हे, याचेही भान आम्हांस आहे. तरीही ज्ञानाच्या वाटणीचा जो प्रश्न गुरू विचारतात तो या अंगणात स्पष्ट दिसतो. पिंगुळीच्या चित्रांवर विद्वत्तापूर्ण लेखन झाले आहे. व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन या जर्मन विदुषींचा पिंगुळी चित्रांतील कथनपद्धतीवरील निबंध १९८४ साली 'आर्टिबस एशिये' या कलाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा लेखनाचे आम्ही स्वागतच करतो. ते नसते तर बाहेरच्या जगाला ही पाने दिसलीही नसती.

परंतु सूचीची रीत पाहा. निबंध लिहिणाऱ्याचे नाव सूचीत जाते. पुढचा अभ्यासक त्या निबंधाचा आधार घेतो, त्याचा पुढचा त्याचा. साखळी लांबत जाते आणि प्रत्येक कडीला आकडा लागतो. साखळीच्या उगमाशी मात्र अंगणात बसून पान उलटणारा माणूस असतो. कोणत्या प्रसंगाला पान थांबवावयाचे, कोणता प्रसंग चित्रात न दाखविता गाण्यावर सोडावयाचा, हे तो जाणतो. चित्र आणि कथन यांच्या नात्याचा हा विचार नव्हे काय? यास सिद्धांत का म्हणू नये? रूढ पद्धतीत त्याला 'माहितगार' म्हणतात. त्याचे नाव फार तर आभाराच्या ओळीत येते, आणि आभाराची ओळ कोणतीही सूची मोजत नाही. जुन्या पोथ्यांतील पानांमागे कोणाचा हात होता हे तर आज सहसा सांगताच येत नाही. तपशील ज्याचा, त्याचे नाव गेले. सिद्धांत ज्याचा, त्याचे राहिले. गुरूंनी विद्यापीठाविषयी जे म्हटले ते विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरही लागू पडते. किंबहुना बाहेर ते अधिक लागू पडते, कारण तेथे नाव मागणाराही कोणी नसतो.

विद्येच्या जगात अशी नावे गळण्याचा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. ज्याचे नाव आधीच मोठे त्यालाच श्रेय अधिक मिळते, असा सिद्धांत रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडला. तो बव्हंशी हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता. निबंधावर नाव एकट्या मर्टनचे होते. तो दोघांच्या नावे निघावयास हवा होता, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली. श्रेयाच्या अन्यायावरील निबंधातच श्रेयाचा अन्याय घडावा, याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

५. आमचे मतभेद

गुरू यांच्याविषयी आदर बाळगूनही तीन गोष्टी नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट आत्मकथनांची. कविता व आत्मकथन यांना सिद्धांताच्या खालच्या पायरीवर ठेवताना गुरू त्याच उतरंडीला मान्यता देतात काय, असा प्रश्न पडतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये घराच्या आतील स्त्रीचे दास्य आणि गावाच्या आतील महाराचे दास्य यांचा संबंध जोडून दाखविला आहे. कोकणच्या मातीतून आलेल्या उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आईचे बांबूचे विणकाम आणि लेकीचे लेखन यांचे नाते उभे केले आहे. ही निव्वळ वेदना नव्हे. तिच्यात विश्लेषण आहे, मात्र ते कथेच्या अंगाने येते. रेगे यांनी आत्मकथनांचे वाचन याच दिशेने केले आणि ते आम्हांस अधिक पटते. पिंगुळीच्या उदाहरणावरूनही हेच निष्पन्न होते : सिद्धांत प्रत्येक वेळी निबंधाच्या वेषात येत नाही. मात्र गुरूंच्या बाजूने एवढे म्हटलेच पाहिजे की, कथेत दडलेला विचार वेगळा काढून, तपासून, दुसऱ्यांस वापरता येईल असा मांडण्याचे काम शिल्लक उरतेच. ते आपल्यापैकी किती जणांनी केले?

दुसरी गोष्ट नावाची. १९९८ मध्ये 'सेमिनार' मासिकात लिहिलेल्या निबंधात व अन्यत्र गुरू यांनी 'दलित' या संज्ञेचा पक्ष घेतला आहे. ती केवळ जन्माची ओळख नसून विचाराची कोटी आहे, अशी त्यांची भूमिका. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण बौद्ध आहोत आणि दुसरे नाव आपणांस नको, असे मानणारे आमचे अनेक वाचक आहेत. आमचे मत असे की, शोषणाचे विश्लेषण करताना 'दलित' ही कोटी उपयोगी आहे. पण माणसाने काय व्हावे हे ती सांगत नाही. ते 'बौद्ध' हे नाव सांगते. गुरू यांच्या मांडणीत धम्मस्वीकाराच्या या विधायक अंगाला जेवढी जागा मिळावयास हवी होती तेवढी मिळालेली नाही, असे आम्हांस वाटते.

तिसरी गोष्ट भाषेची. गुरू यांचे महत्त्वाचे सैद्धांतिक लेखन इंग्रजीत आहे आणि ते इंग्रजी कठीण आहे. ज्या समाजाने सिद्धांत हाती घ्यावा असे ते म्हणतात त्या समाजातील विद्यार्थी कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या महाविद्यालयांत मराठीतून राज्यशास्त्र शिकतो. त्याच्यापर्यंत हे लेखन बहुधा घोषवाक्याच्या रूपानेच पोहोचते. यात दोष एकट्या लेखकाचा नाही. सिद्धांत इंग्रजीत आणि तपशील मराठीत अशी वाटणी विद्यापीठीय व्यवस्थेनेच केली आहे. पण ती वाटणी मोडण्याची अपेक्षा गुरूंकडून करावयाची नाही, तर कोणाकडून?

६. आपली संदर्भपरंपरा

आता वाचकांनी आम्हांस विचारावे की, या सर्वांचा बौद्ध अभ्यासकांशी काय संबंध? संबंध अगदी जवळचा आहे. दुसऱ्याचे वचन कसे घ्यावे आणि कसे तपासावे, याचा विचार तथागतांनी केला आहे.

महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथील प्रसंग आहे. तेथे तथागत भिक्खूंना चार महापदेश सांगतात. एखादा म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. दुसरा म्हणेल, अमुक संघाकडून ऐकले. तिसरा म्हणेल, अनेक विद्वान थेरांकडून ऐकले. चौथा म्हणेल, एका थेराकडून ऐकले. चारही वेळी सांगणे एकच आहे : लगेच स्वीकारू नका, लगेच धिक्कारूही नका, शब्द नीट समजून घ्या आणि सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, न जुळले तर सोडा. सांगणारा किती मोठा, त्याच्या मागे किती लोक, याने निर्णय होत नाही. स्वतःच्या नावाच्या वजनालाही तथागतांनी या कसोटीतून सूट दिली नाही. आजच्या निर्देशांकाच्या युगात हे प्रकरण विद्यापीठांनी अभ्यासास ठेवावे अशा योग्यतेचे आहे. तसेच, सुत्तांच्या आरंभी 'असे मी ऐकले' हे सांगून प्रसंगाचे स्थळ नोंदविण्याची जी रीत आहे, तीत वचनाचा उगम सांगण्याची जबाबदारी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्यावे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला; १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. त्यात ते सेनार्त, नेस्फील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या नावानिशी मांडतात, प्रत्येकाचे घेण्याजोगे ते घेतात आणि उणे दाखवितात. केतकरांनी जातीकडे सुटी न पाहता व्यवस्थेचा घटक म्हणून पाहिले याचे श्रेय त्यांना देतात. आणि मिश्रविवाहबंदी व जन्माधारित सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवून देतात. शेवटी, आपली मांडणी अग्राह्य ठरली तर ती सोडून देण्याची तयारी ते प्रकट करतात. दुसऱ्याचा संदर्भ कसा द्यावा याचा हा वस्तुपाठ आहे. जातीचा उगम सजातीय विवाहाच्या सक्तीत व स्त्रीच्या नियंत्रणात शोधणारा हा निबंध भारतीय समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांत दीर्घ काळ उपेक्षित राहिला. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये पहिला खंड काढला, तेव्हा बाबासाहेबांचे असे लेखन अभ्यासकांना एकत्र आणि सहज मिळू लागले. साठ वर्षे या निबंधाला संदर्भ कमी मिळाले, म्हणून त्याचे मोल कमी होते काय?

'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात मूळ आधारांच्या टिपा नव्हत्या, आणि त्यावरून काहींनी आक्षेप घेतले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पालि वाङ्मयातील आधारस्थळे शोधून काढली. श्रद्धा आणि शास्त्र यांचा मेळ कसा घालावा, हे त्या एका कामावरून शिकावे.

आणि येथे आम्हांस स्वतःच्या उणिवेकडे वळावे लागते. आमच्या स्मरणिकांतून, भाषणांतून, या नियतकालिकाकडे येणाऱ्या लेखांतूनही 'बाबासाहेब म्हणतात' असे वाक्य वारंवार येते. कोठे म्हणतात, कोणत्या खंडात, कोणत्या प्रसंगी, हे बहुधा नसते. कधी कधी तर ते वचन त्यांचे नसतेच. आम्ही बाबासाहेबांना वंदन पुष्कळ करतो. त्यांचा संदर्भ मात्र फार थोडा देतो. त्यांच्या विधानाशी, रेगे गुरूंशी झगडल्या तसे, झगडण्याचे धैर्य त्याहून थोडे. महापदेशांची शिकवण देणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांना ही स्थिती शोभत नाही.

गुरू यांच्या संशोधनाचा प्रभाव किती, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. तीन पानांच्या लेखाने पाच वर्षांचा वाद उभा केला. एका निबंधातून दोन ग्रंथ निघाले. आणि अवमान हा शब्द राज्यशास्त्राच्या परिभाषेत रुळला. एवढे कोणत्याही विद्वानास पुरेसे आहे. पण त्यांच्या मुख्य मागणीला आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही. ते उत्तर आकड्याने देता येणार नाही. एखादा विद्यार्थी आपल्या आजीच्या तोंडची हकीकत लिहून घेईल, तिचे नाव लेखाच्या मथळ्याखाली आपल्या नावाच्या बरोबरीने ठेवील, त्या हकीकतीतून सर्वांना लागू पडेल असे एखादे विधान काढील, आणि ते मराठीत मांडील, तेव्हा ते उत्तर सुरू होईल. अशा लेखांसाठी या नियतकालिकाची पाने राखून ठेवावीत, अशी आमची संपादक मंडळास विनंती आहे. आणि जे लेख येतील त्यांत प्रत्येक वचनाचा खंड व पृष्ठ असावे, अशी लेखकांस.